कारंज्यातली फट

चॉन दोकसूची उभी नोकरी दक्षिण कोरियातल्या क्वांग्जू शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, पंपांच्या घरघरीत गेली होती. त्यामुळे घरामागच्या तळ्यात कारंजं बसवायचं ठरलं, तेव्हा दुकानात पाऊल टाकायच्या आधीच त्याने ते मनात पक्कं केलं होतं. सरळ वर जाणारी एकच जाड धार, पुरुषभर उंच, आणि बुडाशी रंग बदलणारे दिवे. बायकोची अट एकच होती, ते लांबून दिसायला हवं. लांबून म्हणजे भातखाचरांपलीकडच्या बसच्या रस्त्यावरून.

गोकसॉंगजवळच्या या खेड्यात ते राहायला येऊन वर्ष झालं नव्हतं. क्वांग्जूमधली त्यांची गल्ली पाडून तिथे टॉवर उभे राहत होते. गल्लीतले बाकीचे लोक भरपाईचे पैसे घेऊन निघून गेले तरी सुनिम, दोकसूची बायको, आसपासच्या दुकानदारांपाशी नवा पत्ता देऊन ठेवीपर्यंत हलायला तयार नव्हती. त्यांची मुलगी दामी पाच वर्षांची असताना बाजारात हरवली होती, आणि पाच वर्षांच्या पोरीला एकच घर माहीत असतं, असं सुनिमचं म्हणणं होतं. मासळीच्या ओळीत गर्दी दाटली, आईच्या हातातला हात सुटला, एवढंच. पोलीस झाले, पोस्टरं झाली, तीन प्रांतांतली अनाथालयं पालथी घालून झाली. पुढे विज्ञान आलं तेव्हा दोघांनी तोंडातली लाळही तपासायला दिली. काही हाती लागलं नाही. पण मुलगी मेली असंही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती मेलेली नव्हती. तिच्या वाढदिवसाला दरवर्षी समुद्रशेवाळाचं सूप शिजायचं आणि तिची वाटी टेबलावर निवत राहायची. पितरांच्या पानात मात्र तिच्या नावाचा घास कधी पडला नाही. आज ती चाळिशीला आली असती. दोघं त्याला ‘असती’ म्हणत नसत. आली, असंच म्हणत.

खेड्यात आल्यापासून सुनिम तिन्हीसांजेला मागल्या दारी मोठा दिवा लावून ठेवायची आणि तो पहाटेपर्यंत जळायचा. कुणी विचारत विचारत आलंच, तर अंधारात घर सापडायला हवं. शेवटी शेजारची म्हातारी तक्रार घेऊन आली. तिला सगळा गाव हादोंगवाली म्हणायचा. ती म्हणाली, तुमच्या उजेडाने माझा तीळ जागा राहतो, आणि जागा राहिलेला तीळ फुलत नाही. दोकसूला ती थट्टा वाटली. पण गावात चौकशी केली तेव्हा कळलं, ते खरंच होतं. मग त्याने तोडगा काढला, की तळ्यात दिव्यांचं कारंजं बसवायचं. उजेड पाण्यापुरता राहील, वेळेवर लागेल, जेवणं आटोपली की विझेल.

दुकान शहराबाहेर होतं. प्यो नावाचा मालक बोलका होता. हौदांची रांगच त्याने मांडली होती आणि प्रत्येकात वेगळं कारंजं चालू होतं. कुठे फुलोरा, कुठे पिसारा, कुठे नुसतीच उकळी. दोकसू उंच धारेपाशी उभा राहून दाबाचे आकडे विचारत होता. वळून पाहिलं तर सुनिम बरोबर नव्हती.

ती कोपऱ्यातल्या सगळ्यात लहान हौदापाशी होती. तिथल्या तोटीतून पाणी उडत नव्हतं. ते चहूबाजूंनी एकसारखं पसरून काचेसारखा पातळ घुमट होऊन खाली येत होतं. आत पिवळसर दिवा होता. सुनिमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशन ती सारखं पुढे ढकलत होती. बहुतेक वस्तूंच्या तिला आताशा कडा दिसत नसत. पण त्या घुमटाकडे ती एकटक पाहत होती. मग तिने हात पुढे केला. हाताखाली पडदा फाटला, हात काढताच मिटला. तिने पुन्हा हात घातला.

“काकू, ते हॉटेलवाले नेतात,” प्यो म्हणाला. “दिसायला छान, पण वारा सोसत नाही. साहेबांची निवड बरोबर आहे. सात रंग आहेत त्यात. तुमच्या गावातले बेडूकसुद्धा नाचायला लागतील.”

“हे लांबून नाही दिसायचं,” दोकसू बायकोला म्हणाला.

“जवळ आल्यावर तर दिसेल,” सुनिम म्हणाली.

कित्येक वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं त्याला आठवेना. त्याने घुमट घेतला.

बसवायचं काम त्याने एकट्याने केलं आणि त्याला ते मनापासून आवडलं. विजेची तार जाड नळीत घालून पुरली. पाण्यात पाय पडला तरी झटका लागू नये म्हणून बारा व्होल्टचे दिवे घेतले. पंप गाळ ओढणार नाही असा विटांवर ठेवला. तोटीची नळी कमरेखालीच राहील एवढी आखूड कापली. तळं लहानच होतं. त्याच्या काठाला पर्सिमनच्या झाडाखाली एक सपाट दगड होता, त्यावर सुनिम भाजी निवडत बसायची. कारंजं मधोमध नको, दगडाजवळ आणा, असं ती म्हणाली. त्याप्रमाणे दगडावरून हात लांबवला तर बोटं भिजतील, इतक्या अंतरावर त्याने ते आणलं. घुमटाचं पाणी सगळं तळ्यातच पडत होतं. दगड कोरडा राहायचा.

पहिल्या संध्याकाळी हादोंगवालीही पाहायला आली. बराच वेळ पाहून म्हणाली, “झोपेल माझा तीळ यात.” आणि जाताना सुनिमच्या हातात मुळ्याच्या किमचीचा डबा ठेवून गेली.

काही दिवस सगळं ठीक चाललं. मग एका संध्याकाळी घुमटाला फट पडली.

दोकसूला त्यात नवल वाटलं नाही. तोटीत काडीकचरा अडकला की पडदा फाटतोच. त्याने पंप बंद केला, तोटी काढली, धुतली, फुंकून पाहिली. पुन्हा लावली तरी फट जागच्या जागी. मग मात्र तो दगडावर उकिडवा बसून नीट पाहू लागला. कचऱ्याने पडलेली फट तोटीपासून निघते आणि तळापर्यंत जाते. ही फट मधूनच सुरू होत होती. वर पडदा अखंड होता. अर्ध्यावर येऊन पाणी दुभंगत होतं, कशाला तरी वळसा घालून दोन्ही बाजूंनी उतरत होतं, आणि खाली मोकळी जागा राहत होती. जिथे पाणी दुभंगत होतं तिथे काहीच नव्हतं.

त्याने त्या जागेखाली हात धरला. हात कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी प्योला फोन केला. प्यो म्हणाला वारा असेल, नाहीतर पाण्यात क्षार असतील, आणि नवी तोटी पाठवून दिली. वारा नव्हता. पाण्याच्या क्षारांविषयी दोकसूला प्योपेक्षा बरीच जास्त माहिती होती. नव्या तोटीतून घुमट अधिकच देखणा पडला. दुपारी त्याने चालवून पाहिला तेव्हा तो काचेसारखा अखंड होता. उन्हं उतरली, आतला दिवा लागला, आणि दगडाच्या बाजूला तीच फट तितक्याच उंचीवर उघडली.

सुनिमला त्याने काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नाही. त्या संध्याकाळी ती बसायची गादी घेऊन बाहेर आली, ती थेट दगडापाशी. दगडावर मात्र बसली नाही, बाजूला गवतात बसली.

“हात घातलाय तिनं,” ती शांतपणे म्हणाली.

कोणी, असं दोकसूने विचारलं नाही. गल्लीतला नळ असो, वळचणीची धार असो, सूप घ्यायला गेल्यावर खाणावळीतलं बेसिन असो, वाहतं पाणी दिसलं की दामीचा हात त्यात जायचा. हिवाळ्यात त्यापायी तिला ओरडा बसायचा. हे सुनिमला ठाऊक होतं तसं त्यालाही ठाऊक होतं. पण ते आठवणं वेगळं, आणि समोर पाण्याने आपणहून वाट सोडलेली पाहणं वेगळं.

त्या दिवसापासून सुनिम रोज संध्याकाळी तिथे बसू लागली. फटीशी ती फारसं बोलत नसे. बोललीच तर साधंच काहीतरी. आज गार आहे, फार वेळ धरू नकोस. भाताला काळी घेवडी घातली होती. हादोंगवालीचा नातू सैन्यात गेला. दोकसू मागल्या पायरीवर बार्लीचा चहा घेऊन बसे आणि ऐके. चहा हातातच निवून जाई. कारण एका सकाळी, बायको आंघोळीला गेलेली असताना, त्याने मनातल्या फटीची रुंदी स्वतःच्या हातावर लावून पाहिली होती. त्याच्या तीन बोटांच्या आतच ती संपत होती.

तेवढाच हात होता. इतक्या वर्षांत न वाढलेला.

म्हणजे बाजारातल्या त्या दिवसानंतर काय झालं असेल, याचं उत्तर त्या रुंदीत होतं. वाढदिवसाचं सूप, नवा पत्ता ठेवायला पायपीट करून गाठलेले उरलेसुरले दुकानदार, मागल्या दारचा दिवा, या सगळ्यालाच ते उत्तर होतं. सुनिमच्या अधू डोळ्यांना फट दिसत होती, तिचं माप दिसत नव्हतं. ते आपल्यापाशीच ठेवायचं, असं त्याने ठरवलं. एका संध्याकाळी त्याने मुद्दाम खटका पाडला आणि वीज ट्रिप झाली म्हणून सांगितलं. सुनिम काळोख पडेपर्यंत बंद पाण्यासमोर बसून राहिली. स्वयंपाकघरातून तो तिच्या पाठीकडे पाहत होता. दामी हरवली त्या दिवशी बाजाराच्या तोंडाशी दुकानं बंद झाल्यावर ती जशी बसली होती, तशीच आता बसली होती. दुसऱ्या दिवशी त्याने खटका वर केला.

त्याच आठवड्यात तिने विचारलं.

“अहो, दामीचे बाबा.” इतक्या वर्षांत तिने त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती. “तुम्हाला नीट दिसतं. हात केवढा आहे तिचा?”

दोकसूने घुमटाकडे पाहिलं. मग बायकोकडे.

“मोठा आहे,” तो म्हणाला. “तुझ्याएवढा.”

तिचा श्वास सुटल्याचं त्याला ऐकू आलं. ती खूप वेळ हसत होती, आवाज न करता. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“मग इतक्या खाली का धरलाय?”

“वाकली असेल.”

“रोज वाकायचं? चाळिशीची बाई आहे ती. कंबर भरून येईल.” आणि जरा थांबून, हक्काने, “ते जरा वर घ्या ना. उभ्यानं पोचेल असं.”

दुसऱ्या दिवशी त्याने तोटीखाली नळीचा एक तुकडा जोडला. जोडताना त्याला वाटत होतं, आता फट पडणार नाही. हात तिथेच राहील, पाणी वर जाईल, आणि हे आपोआप संपेल. ते संपावं असंही त्याला वाटत होतं. संध्याकाळी घुमट कमरेच्या वर पडू लागला. अंगणात बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज होता. मग दगडाच्या बाजूने पडदा थरथरला आणि फट उघडली. तीही वर आली होती.

“बघा,” सुनिम म्हणाली. “वाकलीच होती.”

त्यानंतर त्याने नळी आणखी वाढवली. फट वर आली. पुन्हा वाढवली, पुन्हा आली. प्रत्येक वेळी जरा उशिराने, पण येत राहिली. सुनिमच्या कोपराशी आली, मग दंडाशी. सुनिम बदलली. दुपारची झोपू लागली. ताटातलं संपवू लागली. टेबलावर चॉपस्टिक्सची तिसरी जोडी मांडू लागली, आणि हादोंगवालीने विचारलं तेव्हा पोरीची म्हणून सांगू लागली. दामी उंचीने तिच्या आत्यावर गेली असणार, शिवणकाम तिला जमत नसणार, नवरा बिचारा गरीब असणार, असं तिचं रोज काहीतरी चाले. एके दिवशी आपणहून म्हणाली की मोतीबिंदू काढून टाकूया. हात नुसता धूसर दिसून काय कामाचा. दवाखान्याने पुढच्या आठवड्यातला दिवस दिला.

आणि दोकसूही बदलला. ते त्याला उशिरा कळलं. फटीची रुंदी तो आता पाहत नसे. उंची पाहत असे. काहींचे हात लहानच असतात, असं तो स्वतःशी म्हणू लागला होता. सुनिमचेच बघा ना, हातमोजे मुलांच्या दुकानातून घ्यावे लागतात. पाच वर्षांची पोर एवढ्या वर कशी पोचेल? पोचणारच नाही. सगळा जन्म आकड्यांवर गेलेल्या माणसाला हा हिशेब चोख वाटला. कुठेतरी मोठी झालेली, उभ्या अंगाची, चालत आलेली मुलगी त्याने त्या हिशेबातून मिळवली. संध्याकाळी पायरीवर बसला की सुनिमचं वाट पाहणं आता त्याचंही झालं होतं. एकदा सुनिमचं लक्ष नसताना तो हळूच “दामी” म्हणाला. ते नाव त्याच्या तोंडून फार दिवसांनी निघालं होतं.

तीळ फुलून गेला. हादोंगवालीने पेंढ्या बांधून कुंपणाला टेकवल्या. दोकसूने नळीचा शेवटचा तुकडा जोडला. घुमट आता सुनिमच्या खांद्याशी होता.

त्या संध्याकाळी फट फार उशिराने आली. आणि ती स्थिर नव्हती. तिच्या कडा सारख्या हलत होत्या. मध्येच पडदा मिटायचा, पुन्हा दुभंगायचा. दोकसूने पंपाला हात लावून पाहिला, विजेचा दाब मोजला. दोन्ही ठीक होते. उंची वाढल्यामुळे पाणी डुगडुगतंय, असं त्याने ठरवून टाकलं.

“दमली असेल का हो?” सुनिमने विचारलं.

“पंप आहे तो,” दोकसू म्हणाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारपासून बारीक पाऊस होता. आवाजही न होणारा, नुसता अंगाला चिकटणारा. अंगण, कुंपण, तिळाच्या पेंढ्या, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. दवाखान्याने संध्याकाळी लवकर जेवायला सांगितलं होतं म्हणून सुनिम आत ताटं घेत होती. दोकसू छत्री न घेताच तळ्याकडे गेला. दिवा लागला होता. पिवळा घुमट पावसात उजळला होता.

फट होती. अगदी वर, घुमटाच्या माथ्याशी, पूर्वी कधीच नव्हती इतकी उंच. आणि थरथरत होती.

तो आनंदाने तिच्याकडे पाहत राहिला.

“कुठवर पोचली आज?” आतून सुनिमचा आवाज आला. “उभी आहे ना सरळ?”

तो सांगणार होता. तेवढ्यात त्याची नजर खाली गेली.

कारंजं चालू असताना दगड आज पहिल्यांदाच ओला होता. पावसाने काळा पडून चकाकत होता, या काठापासून त्या काठापर्यंत. फक्त पाण्याच्या बाजूला, अगदी कडेला, दोन ठिकाणी पाऊस पडला नव्हता.

दोकसू वाकला. शेंगदाण्याएवढे पाच कोरडे ठिपके, शेजारी आणखी पाच. दोन्ही पाचांमागे चवड्याची चिमूटभर कोरडी जागा.

त्यामागचा दगड ओला होता. टाचा टेकलेल्या नव्हत्या.